बाहेरच्यांची साक्ष : वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरे

मंडळीचा अध्यक्ष कसा असावा हे आपला सहकारी तीमथ्य याला कळवताना प्रेषित पौल एक अट घालतो : मंडळीबाहेरच्या लोकांनीही त्याच्याविषयी चांगली साक्ष दिलेली असावी (१ तीमथ्य ३:७). या वेळच्या बहुतेक पत्रांत याच साक्षीची काळजी दिसते. पत्रं थोडी आटोपशीर करून घेतली आहेत आणि ओळख पटेल असे तपशील गाळले आहेत.

प्रश्न : मी ख्रिस्ती आहे हे ऑफिसात सगळ्यांना ठाऊक आहे. डबा उघडण्याआधी प्रार्थना करतो, ग्रुपवर रोज सकाळी एक वचन टाकतो. तरी सहकारी कामापुरतंच बोलतात. परवा साहेब चारचौघांत म्हणाले, "तुमचं वचन रोज वेळेवर येतं, रिपोर्ट मात्र येत नाही." फार लागलं. लोकांचा आदर कसा मिळवू?

उत्तर : साहेबांनी ते चारचौघांत बोलायला नको होतं. पण बोलले ते खरं असेल, तर कामाला तिथूनच सुरुवात करा. थेस्सलनीकाच्या मंडळीत काही जण कामधंदा सोडून इतरांच्या भानगडीत लक्ष घालत फिरत होते. पौल त्यांना सांगतो की शांतपणे राहा, आपला उद्योग सांभाळा, स्वतःच्या हातांनी काम करा; आणि कारण देतो ते बाहेरच्या लोकांशी शोभेल असं वागता यावं हे (१ थेस्सलनीका ४:११-१२). तीत या दुसऱ्या सहकाऱ्याला लिहिताना तर तो गुलामांबद्दल बोलतो. त्यांनी मालकाच्या वस्तूला हात लावू नये, पूर्ण विश्वासूपणे वागावं, म्हणजे तारणाऱ्या देवाच्या शिकवणीला शोभा येईल (तीत २:९-१०). ज्यांच्या शब्दाला समाजात काडीची किंमत नव्हती, त्यांच्या कामावर पौल देवाच्या शिकवणीची शोभा सोपवतो.

आमचं स्पष्ट मत असं, की ग्रुपवरची वचनं काही महिने बंद ठेवा. जेवणाआधीची प्रार्थना सोडू नका, ती मनातल्या मनात आणि थोडक्यात होऊ द्या. त्याऐवजी एक छोटी वही जवळ बाळगा. तोंडातून गेलेला प्रत्येक शब्द त्यात उतरवा : कुणाला, काय, कधीपर्यंत. "बघतो", "करून टाकतो", "उद्या देतो" हे आपल्याला शब्द दिल्यासारखं वाटत नाही, ऐकणाऱ्याला वाटतं. घरी निघण्याआधी पाच मिनिटं ती वही पाहा. एखादं काम वेळेत होणार नाही असं ज्या दिवशी लक्षात येईल, त्याच दिवशी सांगा. द्यायच्या तारखेची वाट पाहू नका. सांगताना एकच कारण द्या आणि नवी तारीख द्या. नवी तारीख ठरवताना हातात थोडी जास्त मुदत ठेवा, कारण पहिल्यांदा चुकलेली तारीख लोक समजून घेतात, दुसऱ्यांदा चुकलेली लक्षात ठेवतात.

कामं का रखडतात हेही तपासा. ख्रिस्ती माणसाने कुणाला नाही म्हणू नये अशा समजुतीने आपल्यातले बरेच जण येईल त्याचं काम अंगावर घेतात, मग स्वतःचंही होत नाही आणि दुसऱ्याचंही. प्रभूने "होय" तर होय आणि "नाही" तर नाही असं सांगितलं (मत्तय ५:३७). वेळेवर दिलेला नकार त्या आज्ञेत बसतो, न पाळलेला होकार बसत नाही.

राजाचा अधिकारी असलेल्या दानीएलाच्या शत्रूंनी त्याच्या राजकारभारात खोट शोधली तेव्हा दोन गोष्टी सापडल्या नाहीत : भ्रष्टपणा आणि हयगय (दानीएल ६:४). आपण पहिल्यावर समाधान मानतो. पैसे खाल्ले नाहीत, म्हणजे झालं! पण सहकाऱ्यांना रोज त्रास होतो तो हयगयीचा. तुमचा रिपोर्ट अडला की त्यांचं घरी जाणं लांबतं.

पहिले काही आठवडे कुणाच्या काही लक्षात येणार नाही, आणि नेमके तेव्हाच लोक कंटाळून सोडून देतात. जुनी आठवण पुसायला नवी वागणूक बराच काळ सलग दिसावी लागते. या काळात आणखी दोनच गोष्टी सांभाळा : एकाचं बोलणं दुसऱ्याकडे नेऊ नका, आणि कामाचं कौतुक झालं तर ज्यांनी हात लावला त्यांची नावं तिथल्या तिथे घ्या.

प्रश्न : मत्तय ५:१६ मध्ये प्रभू म्हणतो, लोकांनी तुमची सत्कर्मं पाहावीत. पुढच्याच अध्यायात म्हणतो, लोकांना दिसावं म्हणून धर्माचरण करू नका. कोणतं पाळायचं?

उत्तर : दोन्ही. सहाव्या अध्यायात तीन गोष्टी नावानिशी येतात : दानधर्म, प्रार्थना आणि उपास. तिन्ही एकांतात होऊ शकतात, त्या मुद्दाम चव्हाट्यावर आणू नयेत. पाचव्या अध्यायातलं ते वचन आशीर्वचनांच्या मागोमाग येतं. दया करणं, शांती करणं, छळ सोसणं या गोष्टी माणसांत राहूनच होतात आणि न लपवता दिसतात. व्यवहारात एक कसोटी लावा : हे कुणालाच कळलं नसतं तरी मी असंच केलं असतं का? आणि ज्याला मदत केली त्याचा फोटो कुठेही टाकू नका. त्याची अडचण तुमच्या चांगुलपणाची जाहिरात होता कामा नये.

प्रश्न : दोन वर्षांपूर्वी अडचणीत शेजाऱ्यांकडून पैसे घेतले, सहा महिन्यांत देतो म्हणालो. निम्मे दिले. पुढे त्यांनी मागितले तेव्हा "बँकेतून पाठवले आहेत, पोहोचतील" असं खोटं बोललो. आता ते समोरून आले की मी वाट बदलतो. मंडळीत मी तरुणांचा पवित्र शास्त्राचा वर्ग घेतो. प्रभूपुढे पश्चात्ताप केला आहे. शेजाऱ्यांपुढे कसा जाऊ?

उत्तर : पश्चात्तापाचा उरलेला भाग शेजाऱ्यांच्या दारात आहे. भावाच्या मनात आपल्याविरुद्ध काही आहे असं वेदीपाशी आठवलं, तर अर्पण तिथेच ठेवून आधी त्याच्याशी समेट करायला प्रभू सांगतो (मत्तय ५:२३-२४). लेवीय ६:१-७ मध्येही तोच क्रम दिसतो. शेजाऱ्याची ठेव किंवा वस्तू लबाडीने ठेवून घेतली असेल, तर ती पूर्ण परत करायची, वर पाचवा हिस्सा घालायचा, तो मालकाच्या हातात द्यायचा आणि त्याच दिवशी दोषार्पण आणायचं. जक्कय हा जकातदार तर चौपट द्यायला तयार झाला (लूक १९:८). पाचवा हिस्सा आज तुमच्यावर नियम म्हणून लादता येणार नाही. पण उशिराचं नुकसान दुसऱ्याने सोसलं आहे हे तो नियम विसरू देत नाही. वीस हजार उरले असतील तर पाचवा हिस्सा चार हजार होतो. शक्य असेल तर शेवटच्या हप्त्यासोबत तेवढी रक्कम पुढे करा. त्यांनी नको म्हटलं तर एकदाच आग्रह करा, मग थांबा.

जाण्याआधी कागदावर लिहा : किती घेतले, कोणत्या तारखेला किती दिले, किती उरले. आज जेवढे देता येतील तेवढे सोबत न्या, अगदी थोडे असले तरी. आधी लांबलचक मेसेज पाठवू नका, "दहा मिनिटं भेटायचं होतं, कधी येऊ?" एवढंच विचारा. एकटेच जा. त्यांच्या घरी पाहुणे असतील तर परत फिरा आणि दुसऱ्या दिवशी जा. बसल्यावर हवापाण्याच्या गप्पा नकोत. बोलणं इतकंच असावं : "तुमचे एवढे पैसे माझ्याकडे आहेत. पाठवले असं मी म्हणालो ते खोटं होतं. माझं चुकलं, मला क्षमा करा. आज एवढे आणले आहेत, उरलेले असे देईन." खोटं बोललात हे स्पष्ट शब्दांत आलंच पाहिजे. नुसतं "उशीर झाला" म्हणालात, तर त्या खोट्यावर तुम्ही पुन्हा पांघरूण घातलंत. ते खोटं त्यांच्या घरातल्या आणखी कुणासमोर बोलला असाल, तर त्यांच्यासमोरही दुरुस्त करा.

तीन वाक्यं टाळा. "परिस्थितीच तशी होती" हे खरं असेलही, पण त्याने कबुलीचं समर्थन होऊन बसतं. "तुम्हाला वाईट वाटलं असेल तर माफ करा" म्हटलं की दोष त्यांच्या वाटण्यावर जातो. आणि "प्रभूने मला क्षमा केली आहे" हे तर मुळीच नको. पैसे त्यांचे अडकले आणि निकाल मात्र त्यांना न विचारता लागला, असं ऐकणाऱ्याला वाटतं. त्या वाक्यामुळे दुखावलेली माणसं आपल्या विश्वासापासूनच दूर जातात.

हप्ता ठरवताना बहुतेक जण घसरतात. त्या क्षणी मन भरून आलेलं असतं, मोठी रक्कम कबूल केली जाते आणि तिसऱ्या महिन्यात पुन्हा वाट बदलणं सुरू होतं. तुमचा सगळ्यात ओढाताणीचा महिना डोळ्यांसमोर आणा आणि त्या महिन्यातही देता येईल तेवढाच हप्ता सांगा. दहा हिस्से जमतील असं वाटत असेल तर सातच कबूल करा. जास्त जमले त्या महिन्यात जास्त द्या. तारीख ठरवा, दोन कागदांवर लिहा, दोघांच्या सह्या करा आणि एक प्रत त्यांना द्या. एखादा हप्ता चुकणारच असेल तर तारखेच्या आधी त्यांच्या दारात जाऊन सांगा. प्रत्येक वेळी दिलेली आणि उरलेली रक्कम दोन्ही कागदांवर लिहून घ्या.

ते रागावतील, कदाचित इमारतीत इतरांनाही सांगतील. सांगू द्या, ते खोटं बोलत नसतील. क्षमेसाठी घाई करू नका. त्यांना वेळ लागेल, तो त्यांचा हक्क आहे. एक सूचना मात्र आवर्जून : पैसे पूर्ण फिटेपर्यंत त्यांना उपासनेला बोलावू नका, पत्रिका देऊ नका. देणेकऱ्याच्या तोंडची सुवार्ता वेळ मारून नेल्यासारखी वाटते.

राहिला तरुणांचा वर्ग. पाळकांना सगळं स्वतःहून सांगा, बाहेरून कळण्याआधी. निर्णय त्यांचा. आमच्या मते काही हप्ते ठरल्याप्रमाणे जाईपर्यंत वर्ग दुसऱ्या कुणी घ्यावा. वर्गातल्या मुलांना कारण सांगायचं की नाही हे पाळकांशी बोलून ठरवा, पण खोटं कारण सांगू नका.

प्रश्न : मी विश्वासात आले, माझे पती आले नाहीत. रविवारी उपासना, बुधवारी भगिनींची सभा, शुक्रवारी उपास-प्रार्थना, शनिवारी गायनाचा सराव असतो. ते म्हणतात, "तुझा देव तुला घरात कधी भेटतच नाही." त्यांना सुवार्ता किती वेळा सांगावी?

उत्तर : एकदा, नीट, त्यांना ऐकायला सवड असेल तेव्हा. त्यानंतर ते विचारतील तेव्हा. वचन न मानणारे पती पत्नीच्या वागण्याने, शब्दावाचून मिळवले जावेत असं प्रेषित पेत्र लिहितो (१ पेत्र ३:१-२). तुमच्या पतींचं बोलणं टोचणारं असलं तरी त्यात एक साधी मागणी आहे : संध्याकाळी घरी बायको हवी. रविवार ठेवा. बाकी तीन दिवसांपैकी कोणता ठेवायचा हे त्यांच्याशी बोलून ठरवा, आणि मोकळ्या झालेल्या संध्याकाळी खरोखर घरी राहा, फोनवर प्रवचन लावून नव्हे.

उशीजवळ पत्रिका ठेवू नका. त्यांच्या ऐकण्याच्या टप्प्यात त्यांच्या पालटासाठी मोठ्याने प्रार्थना करू नका. ती देवाशी बोलल्यासारखी न वाटता टोमण्यासारखी लागते. भगिनींच्या सभेत प्रार्थनेची विनंती म्हणून त्यांचं पिणं, त्यांचा राग, त्यांचा पगार यांची वाच्यता करू नका. चार दिवसांत ते त्यांच्या कानावर जातं आणि मग मंडळीतला प्रत्येक माणूस त्यांना परका वाटू लागतो. "माझ्या घरासाठी प्रार्थना करा" एवढं पुरे. दोघांच्या कमाईतून अर्पण देत असाल तर रक्कम त्यांना माहीत असू द्या.

एक गोष्ट यातून पूर्ण वेगळी काढतो. घरात मारहाण होत असेल तर ती सोसत गप्प राहा असा पेत्राच्या वचनाचा अर्थ कुणी सांगितला तरी ऐकू नका. सुरक्षित जागी जा आणि विश्वासाच्या माणसाला सांगा.

प्रश्न : वरिष्ठ सांगतात, बिलावर मागची तारीख घाल. "सगळेच घालतात." नाही म्हटलं तर मी स्वतःला शहाणा समजतो असं होईल. कसं सांगावं?

उत्तर : दानीएलाच्या पहिल्या अध्यायात नकार कसा द्यायचा हे शिकायला मिळतं. तो आणि त्याचे सोबती बंदिवान म्हणून राजवाड्यात आणलेले होते. राजाचं अन्न खायचं नाही हे त्याने मनात आधीच ठरवलं होतं. मग त्याने अधिकाऱ्याकडे विनंती केली. अधिकाऱ्याला भीती होती की ही मुलं रोडावलेली दिसली तर राजा आपलं डोकं उडवेल. त्या भीतीला दानीएल हसला नाही. त्याने कारभाऱ्याला एक मार्ग सुचवला : दहा दिवस शाकभाजी आणि पाणी देऊन पाहा, मग आमचे चेहरे पाहून ठरवा.

तुमच्या वरिष्ठांची भीती काय आहे ते आधी समजून घ्या. मुदत संपली असेल, हिशेब तपासणीत प्रश्न येईल, किंवा वरून बोलणी बसतील. मग एकटे गाठा, सहीची वेळ येण्याआधी. "मी ही तारीख घालू शकत नाही. खरी तारीख घालून उशिराचं कारण सांगणारी टीप मी तयार करतो, ती जोडू. कुणी विचारलं तर उत्तर मी देईन." वाक्य "मी"पासून सुरू करा, इतर काय करतात याबद्दल एक शब्दही नको. वचन तेव्हा उच्चारू नका, त्यांनी कारण विचारलं तर दोन वाक्यांत सांगा. टीप खरोखर तयार करून न्या, कारण नुसता नकार म्हणजे त्यांच्यावर टाकलेलं वाढीव काम. पुन्हा हुकूम झाला तर तो लेखी मागा.

हे सगळं फसतं ते एका कारणाने. ऑफिसातले कागद मुलांसाठी घरी जातात, खोटी आजारपणाची रजा पडते, आणि तारखेपाशी मात्र विवेक जागा होतो. सहकाऱ्यांना हे दिसत असतं. आधी ते थांबवा. आणि जमेल तशी काही महिन्यांच्या खर्चाची शिल्लक बाजूला टाकत राहा. ज्याला पुढच्या महिन्याची भ्रांत आहे त्याला नाही म्हणणं फार जड जातं, म्हणून आम्ही बचतीलाही प्रामाणिकपणाची तयारी मानतो.

प्रश्न : सगळं चांगलं वागूनही काही लोक टिंगल करतातच. मग उपयोग काय?

उत्तर : टिंगल कशाची होते ते आधी पाहा. तुमच्यापैकी कुणी खुनी, चोर, दुष्कर्मी किंवा दुसऱ्याच्या कामात ढवळाढवळ करणारा म्हणून दुःख भोगू नये, असं पेत्र लिहितो (१ पेत्र ४:१५). खुनी आणि चोर यांच्याच ओळीत ढवळाढवळ करणारा! आपल्यातल्या अनेकांचा छळ तिथला असतो. न विचारता सल्ला देणं, दुसऱ्याच्या आजारपणाला त्याच्या पापाचं कारण चिकटवणं, लग्नाच्या जेवणात वाद काढणं. मंडळीबाहेरच्या एखाद्या स्पष्ट बोलणाऱ्या माणसाला विचारा, "माझ्या वागण्यातलं तुम्हाला काय खटकतं?" आणि उत्तर मिळाल्यावर स्पष्टीकरण न देता फक्त आभार माना.

त्यातून काही निघालं नाही, तर टिंगल सोसा. चांगलं आचरण ठेवा असं सांगणाऱ्या वचनातच, लोक तुम्हाला दुष्कर्मी म्हणतील हे गृहीत धरलेलं आहे (१ पेत्र २:१२). सुमारे इ.स. ११२ मध्ये रोमी सुभेदार प्लिनीने सम्राट त्राजानाला ख्रिस्ती लोकांबद्दल पत्र लिहिलं. चौकशीत त्याला कळलं की हे लोक ठराविक दिवशी पहाटे जमतात, ख्रिस्ताचं स्तवन करतात आणि शपथ घेतात : चोरी, लूट, व्यभिचार करणार नाही, दिलेला शब्द मोडणार नाही, विश्वासाने ठेवलेली ठेव मागितल्यावर नाकारणार नाही. विश्वास न सोडणाऱ्यांना त्याने मृत्युदंड दिला होता. पण त्यांच्या व्यवहाराबद्दल त्याला लिहावं लागलं ते हे. सगळेच चांगलं बोलू लागले तर ती काळजीची गोष्ट आहे, असंही प्रभूने सांगून ठेवलं आहे (लूक ६:२६).

प्रश्न : मंडळीचा नवा खजिनदार झालो आहे. माझ्यावर सगळ्यांचा विश्वास आहे, म्हणून अर्पण मी एकटाच मोजतो. एका ज्येष्ठांनी हरकत घेतली. हा माझा अपमान नाही का?

उत्तर : नाही. त्यांनी तुमची मोठी सेवा केली. यरुशलेमेतल्या गरिबांसाठी गोळा झालेली रक्कम नेताना पौलाने तीताबरोबर आणखी दोन बंधू पाठवले, त्यातला एक मंडळ्यांनी निवडलेला होता. कुणाला दोष काढायला जागा राहू नये आणि प्रभूच्याच नव्हे तर माणसांच्या दृष्टीनेही जे योग्य ते व्हावं, असं कारण तो देतो (२ करिंथ ८:१८-२२). पौलाला जी काळजी घ्यावीशी वाटली ती आपण टाळू नये.

उपासना संपताच, जागेवरच, दोघांनी मोजावं. ते दोघे एका कुटुंबातले नसावेत आणि दर काही आठवड्यांनी बदलावेत. नोटा-नाण्यांची फोड लिहिलेला कागद करून दोघांनी सही करावी आणि त्यानंतरच पैसे तिथून हलवावेत. रक्कम घरी ठेवू नका, बँक उघडताच पूर्ण भरा. किरकोळ खर्च त्यातून परस्पर भागवू नका, कारण मग कागद आणि पासबुक कधीच जुळत नाही. खर्च बँकेतून, दोन सह्यांनी, बिलासह. मोजणाऱ्याकडेच चेकवर सही करण्याचा अधिकार नसावा. महिन्याअखेरीस तिसऱ्या माणसाने मोजणीचे कागद पासबुकाशी ताडून पाहावेत. एका कारणासाठी आलेली देणगी दुसरीकडे तात्पुरतीही वळवू नका. इमारतीसाठी दिलेले पैसे पगाराला वापरले गेले की देणारा पुन्हा देत नाही, आणि का देत नाही हे सांगतही नाही.

हरकत घेणाऱ्या त्या ज्येष्ठांना भेटा आणि पहिल्या महिन्याची पडताळणी तुम्हीच करा असं त्यांना सांगा.